मले आणि मेले

आमच्या कॉलेजात संशोधन कक्ष नावाची एक खोली आहे. पूर्वी तिथे क्रीडा विभागाचं सामान असायचं आणि उंच उडीच्या दोन गाद्या अजूनही कोपऱ्यात उभ्या आहेत. त्या कक्षाची समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली, कारण मी कामं वेळेत करते असं प्राचार्यांचं मत आहे. अशा मताचा फायदा काही नसतो. ज्याची कामं वेळेत होतात, त्याच्या टेबलावर दुसऱ्यांची कामं येऊन पडतात.

असंच एक परिपत्रक येऊन पडलं. एका मोठ्या शहरातली संस्था पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनासाठी फेलोशिप देणार होती. विषय होते डिजिटल व्यवहारातली नीती आणि एआयवर नियंत्रण कोणाचं असावं. मी ते फलकावर लावलं, प्रत्येक वर्गाच्या ग्रुपवर टाकलं आणि माझ्या यादीतल्या त्या कामापुढे बरोबरची खूण केली. कोणी येईल असं वाटलं नव्हतं. अमरावतीत आमच्याकडे मुलं स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन अभ्यासिकेत बसतात. नीतीचा पेपर असलाच तर तो पाठ करण्यापुरता असतो.

एक मुलगी आली. एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती, मूळची अकोल्याची. वडिलांचं कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. आठवडाभर इथल्या होस्टेलला राहायची आणि शनिवारी अकोल्याची बस धरायची. खोलीत आल्यावर तिने आधी त्या उंच उडीच्या गाद्यांना बोट लावून पाहिलं आणि आत फोम आहे, कापूस नाही, असं मला सांगितलं. मग विषय सांगितला. फोन दर दोन मिनिटांनी "परवानगी द्या" म्हणतो. फोटो पाहू द्या, आवाज ऐकू द्या, तुम्ही कुठे आहात ते कळू द्या. आपल्या बायका बोट दाबून मोकळ्या होतात. त्यांना विचारायचं, की तुम्ही नेमकं काय देऊन टाकलं असं तुम्हाला वाटतं?

मला विषय आवडला, कारण तो तिचा होता. आम्ही अर्ज भरला आणि तिची निवड झाली. प्राचार्यांनी पेढे मागवले, फोटो निघाला. वडील दुकान बंद ठेवून आले आणि फोटोत माझ्यापासून बऱ्याच अंतरावर उभे राहिले.

फेलोशिपची नियमावली मोठी होती आणि खरं सांगायचं तर चांगली होती. मी ती पूर्ण वाचली, बाजूला खुणा केल्या. मुलाखत घेण्याआधी बाईची संमती घ्यायची. नाव कुठे लिहायचं नाही, फक्त एक क्रमांक द्यायचा. कोणत्या क्रमांकाची बाई कोण, ते फक्त त्या मुलीजवळ कुलपात राहील. प्रत्येक बाईला हे तोंडी सांगायचं होतं, म्हणून मी एक मसुदा लिहून दिला. "आपली ओळख गोपनीय राखली जाईल" वगैरे. तिने तो वाचला, मान हलवली आणि शनिवारी अकोल्यात जाऊन बायकांना सांगितलं, "तुमचं नाव मी कोनालेच सांगणार नाई. कोनी इचारलं तरी नाई." दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे असं मला तेव्हा वाटलं होतं.

मुलाखती झाल्या जठारपेठेत. तिथे एका काकूंचं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक पिकोचं मशीन, एक शिलाईचं, भिंतीला दोऱ्यांच्या रिळांची फळी. बायका साडी घेऊन येतात, फॉल लागेपर्यंत बसतात आणि बसल्या की बोलतात. मुलगी तिच्या अम्मीबरोबर लहानपणापासून तिथे ओढण्या पिको करायला जायची, त्यामुळे तिला कोणी परकं मानलं नाही. काकू स्वतःच पहिल्या मुलाखतीला बसल्या. फोनशी त्या हिंदीत बोलतात असं त्यांनी सांगितलं. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "त्याले मराठी येते, पन पुन्याची येते. माह्याशी बोलताना तो सारखा 'पुन्हा सांगा, पुन्हा सांगा' करते. मंग मीच सुधरलो."

हो, सुधरलो. आमच्याकडे बाईही "मी येतो, मी जातो" म्हणते. यामुळे पुढे काय होणार होतं, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

दर शनिवारी-रविवारी अशी तिची महिनोन्‌महिने मेहनत चालली. मी प्रत्येक मुलाखतीची नोंद ठेवत होते. कधी झाली, किती वेळ चालली, पोर्टलवर चढवली की नाही. आवाज चढवला की संस्थेचं यंत्र तो ऐकून लिहून काढायचं आणि दुसरं एक यंत्र ते लिहिलेलं तपासायचं. कोणाला धोका आहे का, कोणी संकटात आहे का, मुलाखतीमुळे कोणाला त्रास झाला का. हे वाचून मला बरं वाटलं होतं. कोणीतरी विचार केलेला दिसतो, असं वाटलं होतं.

दिवाळी जवळ आली आणि एका सकाळी पोर्टल लाल झालं. ईमेल होता. अर्ध्याहून जास्त मुलाखतींत मृत्यूचा वारंवार उल्लेख आढळला आहे. सहभागी महिला गंभीर मानसिक तणावात असण्याची शक्यता आहे. फेलोशिप तात्पुरती थांबवण्यात येत आहे. या महिलांची नावं आणि फोन क्रमांक महिनाअखेरपर्यंत कळवावेत, म्हणजे आमचे समुपदेशक प्रत्येकीला फोन करून विचारपूस करतील. न कळवल्यास फेलोशिप रद्द होईल.

मुलगी धावत माझ्या खोलीत आली. आम्ही यंत्राने लिहिलेलं उघडलं आणि वाचायला लागलो. "मेले नवऱ्याने फोन घेऊन दिला." "मेले काही समजत नाही, मी बोट दाबतो." "मेले कोणी विचारलं नाही." पानांमागून पानं सगळीकडे मेले, मेले.

आधी ती हसली, मग मी. खूप दिवसांनी त्या खोलीत कोणी इतकं हसलं असेल. मले. मला म्हणायच्या जागी अख्खं वऱ्हाड म्हणतं ते मले. यंत्राच्या शब्दकोशात तो शब्दच नव्हता, म्हणून त्याने जवळचा उचलला होता. मी तिला सांगितलं, काळजी करू नकोस, हे दहा मिनिटांचं काम आहे. कागद घेतला आणि यादी केली. अधिकाऱ्याला फोन, मग खुलासा, मग लाल खूण निघेल. तीन ओळींची यादी होती.

फेलोशिपचं काम बघणारा अधिकारी पुण्याचा तरुण मुलगा होता. अतिशय नम्र. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, अच्छा, अच्छा, मला कळलं मॅम. माझी आजी पण असं बोलायची, मेला दूधवाला आला नाही, मेलं हे कुकर. म्हणजे हा मृत्यूचा उल्लेख नाहीच, ही शिवी आहे. मी म्हटलं, शिवीही नाही, ते सर्वनाम आहे. तो म्हणाला, मी नोंद करतो. दोन दिवसांनी पोर्टल उघडलं तर मृत्यूची लाल खूण होती तशीच होती आणि तिच्या शेजारी नारिंगी रंगात "अपशब्द" अशी नवी खूण आली होती. पुन्हा फोन केला. त्याने खेदाने सांगितलं, की त्याला खूण वाढवता येते, काढता येत नाही.

एका मुलाखतीत तर "कामानं मरून राहिली मी" असं खरोखरच होतं. म्हणजे कामाने मरते आहे; दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे कोणतीही बाई हे म्हणते, मीही म्हणते. त्याने ते वाक्य मला फोनवर वाचून दाखवलं आणि फार काळजीने विचारलं, यात राहिली म्हणजे जिवंत राहिली असा अर्थ आहे का? मी फोन कानापासून दूर धरला आणि गाद्यांकडे पाहत राहिले.

त्याच आठवड्यात तिसरी खूण आली. मुलाखतीच्या वेळी पुरुष उपस्थित असावा, असा संशय. "मी येतो", "मी बोट दाबतो" हे कोण बोललं, असा प्रश्न.

मला या सगळ्याचा वैताग आला, तसा मुलीचाही आला. कारण माझ्याकडे सरळ उपाय होता आणि ती तो करू देत नव्हती. लिहून काढलेला मजकूर दुरुस्त करायची सोय पोर्टलवर होती. मेले शोधा, मला घाला. (मले घालून पाहिलं होतं, पोर्टलने शुद्धलेखन म्हणून ते परत मेले केलं.) येतो शोधा, येते घाला. मी संगणकाशी बसून अर्ध्या तासात संपवलं असतं. ती म्हणाली, "मॅडम, मले काढलं तं माह्या अभ्यासात राह्यलं काय? त्या बायका फोनसाठी बोलनं बदलवतात, हेच तं मी लिहून राहिली. अन् आता आपनच बदलवाचं?" मी तिला सुनावलं, की तत्त्वं फेलोशिप सुरू असताना सांभाळायची असतात, बंद पडल्यावर नाही. तिला ते पटलं नाही. मी म्हटलं, बरं, मग दुसरा मार्ग घेऊ. नंबर देऊन टाक. बायकांना एकेक फोन येईल, त्या सांगतील की आम्ही मजेत आहोत, विषय संपेल.

तेव्हा तिने दार लोटून घेतलं आणि मला एका बाईबद्दल सांगितलं.

ती बाई डबे पुरवते, असं मी इथे लिहिते. ती डबे पुरवत नाही. तिचं काम, वय, राहण्याचं ठिकाण, सगळं मी बदललं आहे आणि बदललेलंही थोडकंच लिहिणार आहे. तिला कामासाठी फोन लागतो आणि फोन तिच्या नावावर आहे. पण नवऱ्याने त्यात काहीतरी टाकून ठेवलं आहे. येणारा-जाणारा प्रत्येक फोन आपोआप साठतो आणि संध्याकाळी तो जेवताना ऐकतो. ओळखीचा नंबर नसला की हा कोण, काय विचारत होता, तू असं का म्हणालीस, हे सुरू होतं. पुढचं मुलीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घराबाहेर कारण न देता जाता येईल अशी तिला एकच जागा होती, पिकोचं दुकान. साडी हातात असली की कोणी विचारत नाही. तिथे ती मुलाखतीला बसली आणि "परवानगी" या शब्दावर जे बोलली, ते त्या अख्ख्या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं होतं. लाल खुणेच्या यादीत तीही होती, आणि तीसुद्धा फक्त मलेमुळे.

"समुपदेशक इचारतीन, ताई तुम्ही सुरक्षित आहात का," मुलगी म्हणाली. "मॅडम, तो फोन तिले नाई येणार. त्याले येईन."

यानंतर मी शोधा आणि घाला हे शब्द तिच्यासमोर उच्चारले नाहीत. पण मार्ग तर काढायला हवा होता. तिचा सोडून बाकीच्यांचे नंबर देऊ, असं मी सुचवलं. मुलीने ते आधीच विचारात घेतलं होतं. एकच नंबर मागे ठेवला तर तिथे बसलेल्या कोणालाही कळेल की खरी अडचण हीच. मग ते पोलिसांना कळवतील, नाहीतर महिला मदत केंद्राला, चांगल्या हेतूनेच कळवतील आणि सगळ्यांचे फोन त्याच फोनवर येतील. शिवाय बाकीच्या बायकांनाही तिने शब्द दिलेला होताच. कोनी इचारलं तरी नाई. आता खुद्द फेलोशिपच विचारत होती.

मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं. कोणाचंही नाव न घेता लिहिलं, की एखाद्या घरात फोन हाच धोका असू शकतो आणि विचारपुशीचा फोन नेमका तिथेच पोचेल. उत्तरादाखल ऑनलाइन बैठक ठरली. पडद्यावर चार चौकटी. त्यातल्या एका बाई या विषयातल्या मोठ्या अभ्यासक होत्या आणि छान बोलत होत्या. दुर्बल घटकांची सुरक्षा, स्थानिक संदर्भांचं भान. मी मान डोलावत होते, कारण प्रत्येक वाक्य खरं होतं. मग त्यांनी विचारलं, मुलाखती पुन्हा घेता येतील का? आणि त्या वेळी महिलांना जरा स्वच्छ मराठीत बोलण्याची विनंती करता येईल का?

मी म्हटलं, त्यांची मराठी स्वच्छच आहे. तुमच्या यंत्राचे कान तपासा. आवाज थोडा चढला असावा, कारण मुलीने टेबलाखालून माझा हात दाबला.

दुसऱ्या एका गृहस्थांनी समजूतदारपणे सांगितलं, की नियम तज्ज्ञांनी केले आहेत आणि एका ठिकाणी अपवाद केला तर तोच पक्षपात ठरेल. पण ते यंत्रावर अवलंबून राहणार नव्हते. मराठी जाणणाऱ्या माणसाकडून तपासणी करून घेणार होते. मला आशा वाटली. माणूस वाचेल म्हणजे प्रश्नच मिटला. आठवड्याने त्या माणसाचा शेरा आला. "बोलीभाषा. अर्थ संदिग्ध. संबंधितांकडून खात्री करून घ्यावी." संबंधितांकडून, म्हणजे फोन करून.

महिनाअखेर आली होती. मी शनिवारी मुलीबरोबर अकोल्याच्या बसमध्ये बसले. मूर्तिजापूरपर्यंत मी बोलत होते. आणखी कोणाला लिहिता येईल, विद्यापीठात कोण ओळखीचं आहे. त्यानंतर माझ्याजवळचे उपाय संपले. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. मी विचारलं, बायकांना काय सांगणार आहेस? ती म्हणाली, जे झालं ते. त्यांचं नाव आहे, त्यांना विचारल्याशिवाय आपण कोण ठरवणारे?

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवाळीच्या साड्यांचे गठ्ठे भिंतीला लागले होते. मुलीने निरोप दिला होता, त्यामुळे लाल यादीतल्या सगळ्या जणी आल्या होत्या. डब्याची बाईही आली होती, दाराजवळ बसली होती, मांडीवर साडी. मुलीने त्यांना सगळं सांगितलं. यंत्राने मलेचं मेले केलं हे ऐकल्यावर जो हशा पिकला, त्यात काकूंची सुई मोडली.

"म्हंजे आमी साऱ्या मेलो?" काकूंनी विचारलं. "मंग ह्या साड्या कोनाच्या पिको करून राहिलो मी?"

एकजण म्हणाली, माझा नंबर देऊन टाक, मी जिवंत आहे सांगते आणि दिवाळीचं काही पाठवता का तेही विचारते. दुसरीला पुण्याच्या मुलाशी बोलायची फार उत्सुकता होती, त्याचं लग्न झालं आहे का असं तिने मला विचारलं. अपशब्दाची खूण कळल्यावर एका आजीबाईंना राग आला. आयुष्यात मी शिवी दिली नाही, त्या म्हणाल्या, आणि मग त्या यंत्राला एक दिली.

 हसणं ओसरल्यावर मुलीने तेवढंच सांगितलं, की काही घरी असा फोन आलेला चालत नाही. कोणाच्या घरी ते सांगितलं नाही. पण काकूंच्या दुकानात कोणाला काय माहीत नसतं? कोणीही दाराकडे पाहिलं नाही, आणि न पाहण्यातूनच सगळं कळत होतं.

दारातूनच आवाज आला. शांत होता, कोणाला टोमणा नव्हता.

"मेली म्हनून सांगा ना मॅडम. मेलेल्या बाईले कोनी फोन नाई करत."

ती हे माझ्याकडे पाहून म्हणाली. मी आयुष्यभर लोकांच्या अडचणींवर काही ना काही सुचवत आले आहे. तिथे मला काहीही सुचलं नाही. 

मुलीने पिशवीतून संमतीपत्र काढलं आणि शेवटचं कलम मोठ्याने वाचलं. सहभागी व्यक्ती कधीही, कोणतंही कारण न देता अभ्यासातून बाहेर पडू शकते. तिचा आवाज आणि तिच्याबद्दलची सर्व नोंद पुसली जाईल. हे कलम मी प्रत्येक संमतीपत्रात पाहिलं होतं. त्याकडे खालच्या सहीच्या जागेसारखं पाहिलं होतं, कागदाचा भाग म्हणून. मुलीने आमच्या बोलीत सांगितलं, की तुम्ही नाही म्हटलं तर तुम्ही या अभ्यासात कधी नव्हताच. मग त्यांना नंबर मागता येत नाही.

डब्याची बाई म्हणाली, मंग माह्यं काढून टाक.

मी सांगायला तोंड उघडणार होते, की ही एकटीच बाहेर पडली तर त्यांना पुन्हा तोच संशय येईल. काकूंनी ते माझ्याआधी ओळखलं असावं. नवी सुई बसवता बसवता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "मंग आमी बी निंगतो."

कोणी भाषण केलं नाही. एकेक जण माझं काढ, माझंही, म्हणत गेली. आजीबाई थोड्या कुरकुरल्या. त्यांच्या मते त्या फार चांगलं बोलल्या होत्या आणि आता ते वाया जाणार. पुसण्याआधी एकदा ऐकवशील का, असं त्यांनी विचारलं. मुलीने फोनवर त्यांची मुलाखत लावली. मग प्रत्येकीलाच आपली ऐकायची होती. माझा आवाज असा आहे का, मी किती बोलते, हे मी कधी म्हणाले. काकू स्वतःच्याच विनोदावर पुन्हा हसल्या. डब्याच्या बाईला मुलीने विचारलं, तुमची लावू? तिने नको म्हणून हात केला, साडीची घडी घातली आणि घरी वेळ झाला म्हणून निघाली. काकूंनी तिच्याकडून साडी परत मागून घेतली, फॉल उलटा लागला आहे, मंगळवारी ये म्हणाल्या. मी पाहिलं होतं, फॉल सरळ होता.

मी मुलीकडे पाहायचं टाळत होते. महिनोन्‌महिन्यांचं काम ती एकेक करून, प्रत्येकीला दाखवून, पुसत होती.  परतीच्या बसमध्ये मात्र तिने ओढणी तोंडावर ओढली आणि झोपल्यासारखं केलं. मीही ती झोपली आहे असंच धरून चालले.

पोर्टलने आमची माघार काही मिनिटांत स्वीकारली. इतक्या महिन्यांत तिथे झटपट झालेलं हे एकमेव काम. लाल, नारिंगी, सगळ्या खुणा गेल्या. आवाज पुसले गेले असं पोर्टल म्हणतं. ते खरं आहे का, हे तपासायची सोय आमच्याकडे नाही, ती सोय कोणाकडे असावी हाच खरं तर या फेलोशिपचा विषय होता. उरलेल्या मुलाखती आवश्यक संख्येपेक्षा कमी पडतात म्हणून, असं कारण देऊन पुढच्या पंधरवड्यात फेलोशिप बंद झाली. पत्रात कोणाचीही चूक नव्हती. ते मी तीनदा वाचलं, चूक सापडते का पाहायला. यंत्राची नव्हती, कारण यंत्राने फक्त सूचना केली होती. तपासणाऱ्याची नव्हती, कारण त्याने फक्त खात्री करायला सांगितलं होतं. समितीची नव्हती, कारण तिने फक्त नियम पाळला होता. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, की पेढे वाटल्यावर असं कसं झालं? मी त्यांना सर्वनामापासून समजावायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

माझा राग अजून गेलेला नाही. मी तो कोणावर काढावा, हे ठरवता आलं तर गेला असता. त्या पुण्याच्या मुलावर काढता येत नाही, त्याने दिवाळीच्या शुभेच्छाही पाठवल्या होत्या. माझ्या रोजच्या कामांच्या यादीत त्या काळात "फेलोशिप" ही एक ओळ असायची. ती मी खोडली नाही, पूर्ण झाल्याची खूणही केली नाही. नवी यादी करताना ती खाली उतरवायची तेवढी थांबवली.

डिसेंबरात संस्थेचा आणखी एक ईमेल आला. आपल्या विद्यार्थिनीने सहभागींच्या माघारीच्या हक्काचा ज्या प्रकारे आदर केला, तो आदर्श आहे. इतर संशोधकांना मार्गदर्शन व्हावं म्हणून तिने या अनुभवावर एक टिपण लिहून द्यावं. भाषा सोपी आणि प्रमाण असावी.

मी मुलीला फोन केला. परीक्षेआधीची सुट्टी होती, ती अकोल्यात वडिलांच्या दुकानात बसली होती. मागे पिंजण्याच्या मशीनचा आवाज येत होता, त्यामुळे मला ईमेल दोनदा वाचावा लागला. मला वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, लिहिते. पण त्यात कोणत्याच बाईबद्दल काही नसेल, फक्त नंबर काहून दिला नाही ते असेल, आणि ते आपल्या बोलीत असेल. मी सवयीने म्हटलं, त्यांना समजणार नाही, पुन्हा तोच घोळ होईल.

"नाई समजलं तं फोन करतीन," ती म्हणाली. "माहा नंबर आहे त्याईच्याजवळ. मी उचलतो."

तिने टिपण चार दिवसांत लिहून दिलं. मी त्यातली एकही मात्रा न बदलता तसंच पाठवलं. तिला अजून कोणाचाही फोन आलेला नाही.